उत्तरांची पानं

“वीसपैकी एकोणीस? आणि तपासलं कोणी?”

“मीच.”

“म्हणजे लिहिणारी तू, तपासणारी तू, मार्क देणारीही तूच. झकास! मग तो एक मार्क तरी कशाला सोडलास? घेऊन टाकायचास.”

 पोरगीने वही मिटली आणि पेन्सिलीचं टोक बघत बसली. दहावीच्या परीक्षेला पाच आठवडे उरले होते. इंग्रजीच्या सरावाचं ते जाडजूड पुस्तक मीच आणून दिलेलं. आणि त्याच्याच पोटात, शेवटच्या पानांवर, सगळी उत्तरं छापलेली! हे मला त्या संध्याकाळी कळलं. छापणाऱ्याला काही अक्कल? कुलूप विकायचं आणि किल्ली त्यालाच बांधून द्यायची.

मी कारखान्याच्या गेटवर असतो. बावीस वर्षं झाली. आत येणारी गाडी, बाहेर जाणारी गाडी, सुटीच्या वेळी प्रत्येकाचा डबा, पिशवी, खिसे, सगळं माझ्या हाताखालून जातं. लोक मला पाठीमागे ‘एक्सरे’ म्हणतात. पुढ्यात म्हणायची कोणाची छाती नाही. एकदा एका फिटरचा जेवणाचा डबा मी नुसता हातात घेतला आणि म्हटलं, भाजी फार जड शिजलीय तुमच्याकडे. भाजीखाली पितळेचे नट निघाले. तो माणूस रोज मला हसून नमस्कार करायचा. तेव्हापासून कोणी जास्त हसलं की मी त्याची पिशवी दोनदा बघतो.

आता घरातच ही एकोणीस मार्कांची पिशवी.

“बाबा, मी आधी सोडवते, मग उत्तरं बघते,” ती म्हणाली.

“गेटवर सगळे असंच म्हणतात.”

मी ब्लेड आणलं आणि उत्तरांची पानं मुळापासून कापून काढली. दोन गठ्ठे झाले. दोन्हींना टाचण्या मारल्या, पाकिटात घातले, पाकीट चिकटवून जोडावर सही केली, तारीख टाकली. आमची ही दारात उभी राहून बघत होती.

“लाख पण लावा,” ती म्हणाली. “तोफेची सलामी कधी आहे?”

मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाकीट माझ्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये गेलं. ड्रॉवरची किल्ली माझ्या कमरेला.

पद्धत अशी ठरली. पोरगीने एक दिवसाआड एक चाचणी सोडवायची. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, ए बी सी डी. वहीत नीट लिहायचं आणि प्रश्नाचा आकडा व पर्यायाचं अक्षर तेवढं एका चिठ्ठीवर उतरवून द्यायचं. चिठ्ठ्यांसाठी मी तिला जुन्या गेटपासांचं पुस्तक दिलं, पाठकोरं. जेवणाच्या सुटीत मी ड्रॉवर उघडणार, ताडून बघणार, संध्याकाळी मार्क सांगणार. माझं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजीशी ओळख गाड्यांच्या नंबरप्लेटपुरती. सुटी अक्षरं ओळखतो, आकडे ओळखतो. अक्षरं जमून शब्द झाला की मग मी त्यांच्या वाटेला जात नाही. पण ताडून बघायला शब्द कशाला लागतात? गाडीचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला की गाडी सोडायची. बावीस वर्षांत एकही चुकीची गाडी सोडली नाही.

पहिल्या चाचणीत पाच मार्क. वीसपैकी पाच.

मी तीनदा मोजले. पाचच. खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. बघा, म्हटलं. किल्ली काढून घेतली आणि खोटं उघडं पडलं.

“पाच?” ती म्हणाली. “शक्यच नाही.”

“का? एकोणीस शक्य होते ना?”

दुसरीत चार. तिसरीत सहा. चौथीत परत पाच. घरात माझा आवाज वाढत गेला आणि तिचा कमी होत गेला. आधी ती खोलीत येरझारा घालत पाठ करायची, गो, वेंट, गॉन. ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट. शब्द आणि अर्थ मोठ्याने म्हणायची. एकदा ‘सस्पिशस म्हणजे संशयखोर’ असं म्हणाली तर तिची आई स्वयंपाकघरातून ओरडली, “वाक्यात उपयोग कर गं, माणूस घरातच आहे!” दोघी किती हसल्या होत्या. मीही हसलो होतो, थोडासा.

आता हसणं बंद. मग मी विचार करायला लागलो, की आधीचे एकोणीस आले कुठून? उत्तरं ती एकटी बघत असेल की हिला कोणी सामील आहे? तिची एक मैत्रीण होती, चष्मेवाली, पलीकडच्या गल्लीतली. शाळा सुटल्यावर रोज दोघी तिच्या घरी अभ्यासाला बसायच्या. तिच्याकडेही तेच पुस्तक. मला धागा सापडला. एका संध्याकाळी पोरगीला घेऊन मी सरळ त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

मैत्रिणीचे वडील बाहेर आले. शिवणकाम करतात, गळ्यात टेप तशीच. “या ना, आत या,” म्हणाले.

“आत नको. तुमच्या मुलीच्या पुस्तकातली उत्तरांची पानं जरा कुलपात ठेवा. आमची इथे येऊन काय करते ते मला कळलंय.”

टेलरने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या पोरगीकडे. “काय करते? अभ्यास करते की. माझ्या मुलीला तीच शिकवते.”

“हो, हो. शिकवेल नाहीतर काय.”

परत येताना ती माझ्या दहा पावलं मागून चालत होती. दुसऱ्या दिवसापासून चष्मेवाली आमच्या गल्लीतून जायचीही बंद झाली.

त्यानंतर तिच्या वहीत खोडाखोड सुरू झाली. पूर्वी तिची पानं स्वच्छ असायची. आता आधी एक उत्तर लिहायची, थांबायची, खोडरबराने पुसायची, दुसरं लिहायची, तेही पुसायची. कागद फाटेपर्यंत. एकदा म्हणाली, “बाबा, माझं नेमकं काय चुकतंय तेच कळत नाही. मला वाटतं ते सगळं उलटंच निघतंय. ती पानं एकदा दाखवा ना. तुमच्यासमोर बघते. हात लावत नाही.”

“चोराला कोणी किल्ली दाखवतं का?”

हे मी बोललो. माझ्या पोटच्या पोरीला. तिच्या आईच्या हातातलं भांडं तिथेच ओट्यावर आपटलं गेलं.

परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हा पोरगीने जेवताना सांगितलं, अगदी साध्या आवाजात, मीठ मागावं तसं. “मी यंदा बसत नाही परीक्षेला. शाळेत सांगून येते उद्या.”

“का?”

“मला येत नाही इंग्रजी. आधी वाटायचं येतं.”

तेव्हा आमची ही उठली. इतक्या वर्षांत तिने माझ्यावर आवाज चढवला नव्हता. “ऐकलंत? आमच्या दोघांच्या घराण्यात दहावीच्या पेपरला बसणारी ही पहिली पोर. जीव तोडून अभ्यास करत होती ती. तुम्ही तिला काय करून ठेवलंत, जरा बघा! तुमच्या त्या गेटवर बघता तसं बघू नका. बाप म्हणून बघा.”

मी म्हटलं, उद्याचा दिवस थांब. पण मनात म्हटलं, चिठ्ठ्यांतच काही घोळ असेल. ही चिठ्ठीवर वेगळं लिहीत असेल आणि वहीत वेगळं. म्हणजे अजूनही मला तिचाच संशय! सकाळी मी तिचं पुस्तक आणि वही दोन्ही घेऊन कामावर गेलो.

जेवणाच्या सुटीत केबिनमध्ये सगळं टेबलावर मांडून बसलो होतो. इतक्यात डिस्पॅचच्या बाई गाडीची नोंद करायला आल्या. टायपिंग, पत्रव्यवहार सगळं त्याच बघतात. माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, “मामा, परीक्षेला बसताय की काय?”

“पोरगीचं तपासतोय. वीसात पाच-सहाच्या वर जात नाही.”

“डोळे मिटून खुणा केल्या तरी वीसात पाच येतात, मामा. चार पर्याय आहेत ना?” त्यांनी वही ओढली, मग माझ्या हातातलं पान. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. “अहो, हे पान कुठलं धरलंय? ही चाचणी व्याकरणाची आहे. तुमच्या हातातली उत्तरं शब्दांच्या अर्थांची आहेत.”

“आकडा जुळतोय की. चाचणी अकरा, उत्तर अकरा.”

“पुस्तकाचे भाग दोन आहेत. पहिला व्याकरणाचा, दुसरा शब्दांचा. दोन्हींत एक ते वीस चाचण्या. वर ठळक अक्षरांत लिहिलंय बघा. तो खालचा गठ्ठा काय आहे?”

खालचा गठ्ठा मी उघडलाच नव्हता. वरच्यात एक ते वीस सापडले, मग खालचा बघायचं कारण काय? मला वाटलं जाहिराती असतील.

“तुम्हाला नक्की येतं ना इंग्रजी?” मी विचारलं. हो, विचारलं. त्याही वेळी.

बाई रागावल्या नाहीत. “वीस वर्षं तेच टाइप करतेय,” म्हणाल्या आणि पेन्सिल घेऊन उभ्याउभ्याच खुणा करत गेल्या. पहिल्या चाचणीत अठरा. दुसरीत एकोणीस. तिसरीत अठरा. चौथीत वीस.  मग पाचवीत चौदा. सहावीत बारा. नंतर नऊ, आठ.

“इथून पुढे बिघडलंय,” त्या म्हणाल्या आणि पान उजेडाला धरलं. “खोडलेलं अजून दिसतंय. हे बघा, आधी बरोबर लिहिलं होतं आणि पुसून चुकीचं केलंय. हेही तसंच. आणि हेही. अशी का करते मुलगी?”

  बाई नोंद करून गेल्या. बाहेर एक गाडी हॉर्न देत होती, ती मी किती वेळ सोडलीच नाही.

बावीस वर्षांत पहिल्यांदा अर्धी रजा टाकली. वाटेत टेलरच्या दुकानात गेलो. तो मशीनवर होता. “चुकलं माझं,” म्हटलं. त्याने पाय थांबवला, मान हलवली. “मला नका सांगू. तिला सांगा,” म्हणाला आणि मशीन परत सुरू केलं.

पोरगी खिडकीजवळ बसली होती. शाळेत अजून काही सांगितलं नव्हतं, आईने अडवून धरलं होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दोन भाग, दोन गठ्ठे, चुकीचं पान. “मला वाचता आलं नाही,” म्हटलं. “तुझं काही चुकलं नव्हतं. सगळं माझंच चुकलं. तुला नको ते बोललो, बाळा.”

मला वाटलं ती रडेल, भांडेल. निदान हसेल तरी. तिने पानं घेतली आणि वही उघडली. एकेक ओळ बघत गेली. “हे बरोबर होतं,” ती म्हणाली. जरा वेळाने, “हेही बरोबर होतं.” मग खोडलेल्या जागेवरून बोट फिरवत म्हणाली, “मग मी पुसलं कशाला?”

तिची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मीही हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

दोन दिवसांत तिने पुस्तक परत उघडलं. परीक्षेला बसते म्हणाली. तेवढ्यावर मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर, ती आपण होऊन माझ्यासमोर आली.

“बाबा, चाचणी घ्या माझी. तोंडी. पानं तुम्ही धरा.” तिने माझं बोट धरून योग्य जागी ठेवलं. “हे व्याकरण. इथून सोळावी. मी आकडा आणि अक्षर सांगते, तुम्ही बरोबर की चूक ते सांगा.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. परत माझ्यावर काम सोपवलं पोरीने! ती समोर बसली, पुस्तकात बघून एकेक सांगायला लागली. पहिलं, बी. बरोबर. दुसरं, डी. बरोबर. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आता या पोरीवर आयुष्यात संशय घ्यायचा नाही. पान हातात होतं, पण मी बघत होतो तिच्याकडे. किती बारीक झाली होती या महिन्यात. सातवं, बरोबर. बारावं, बरोबर. विसावं, बरोबर!

“वीसपैकी वीस!” मी म्हटलं. “शाब्बास!”

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, डोळे जरा बारीक करून. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.

“सातवं आणि बारावं मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं.”

मी पानाकडे पाहिलं. सातव्यापुढे ए होतं. तिने काय म्हटलं होतं ते मला आठवेना.

“तुम्ही पान बघितलंच नाहीत ना, बाबा?”

“अगं, विश्वास ठेवला तुझ्यावर.”

“मला तपासून हवं होतं,” ती म्हणाली.

तिने माझ्या हातातली पानं काढून घेतली. ओढली नाहीत, हळूच काढून घेतली. खिडकीजवळ जाऊन भिंतीला पाठ लावून बसली, पट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत स्वतःच खुणा करू लागली. पंखा सुरू होता. सुटी पानं फडफडत होती.

“उडतील गं,” मी म्हटलं. “धरू का मी?”

“नको,” ती मान वर न करता म्हणाली. “मी धरलीयेत.”