सोलापूरला न्यायचा नारळ

कोंडाजीचं पत्र गेणबानं तिसऱ्यांदा वाचून दाखवलं, आणि तिसऱ्यांदाही नथूनं मान वर केली नाही.

सकाळची काकड आरती झाल्यावर रिहे गावच्या विठ्ठलमंदिरात माणसं मुद्दाम मागं थांबली होती. सोलापूरला कोणी जायचं, कसं जायचं, ते ठरवायचं होतं. कोंडाजी याच गावचा. चौदा वर्षांपूर्वी गाव सोडून तो सोलापूरला एका गिरणीत लागला, आणि आता ती गिरणीच बंद पडली होती.

‘गिरणीला कुलूप लागून वर्ष होत आलं,’ असं त्यानं लिहिलं होतं. ‘चिमणी उभी आहे, धूर नाही. भोंगा वाजत नाही. तरी चाळीतली माणसं पहाटे त्याच वेळेला उठतात, आणि जायचं कुठं ते न कळून ओट्यावर बसून राहतात. बायको विड्या वळते. गावानं माझा अपराध पोटात घातला तर परत यावं म्हणतो. सप्ताहात मंडपाबाहेर बसून ऐकेन, वीणेला हात लावणार नाही. वीणेकऱ्याच्या पायांना माझा नमस्कार.’

वीणेकरी म्हणजे नथू.

“ऐकलं का रं समद्यांनी?” हैबतराव म्हणाले. सप्ताहाचं सगळं त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर चाले. “माणूस पार वाकलाय. आता गावानंबी मन मोटं करावं. त्याला माफीचा नारळ द्यायचा आन संगं घेऊन यायचं.”

“आन नारळ द्यायचा नथूदादानं,” गेणबानं ठोकून दिलं. “त्याच्याच पाहऱ्याला इस्कोट झाला हुता. त्यानं माफ केलं म्हंजे समद्या गावानं केलं.”

“माझ्यापरीस हैबतबाबाच...” नथू पुटपुटला.

“हे गुडघं घिऊन मी आगगाडीत चढू व्हय?” हैबतराव म्हणाले, आणि देऊळ हसलं.

मग बेत रंगला. पौडपर्यंत चालत, तिथून यष्टीनं पुणं, पुढं आगगाडी. गेणबा पुण्याच्या पुढं कधी गेला नव्हता, पण रस्ता तोच समजावत होता. “माझा मेव्हणा सांगत हुता, ती चिमणी दोन कोसांवरनं दिसतीया.”

“धूर न्हाई तर कशी दिसंल रं?”

“आरं, चिमणी बघायची का धूर बघायचा?”

सगळे पुन्हा हसले. नथू मात्र हसला नाही.

सप्ताहाची गोडी ज्यानं चाखली आहे त्याला सांगायला नको. सात दिवस, सात रात्री वीणा उभी असते. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. जो घेऊन उभा असतो, त्याच्या पाया लहानथोर पडतात. तो कोण, कुणाचा, हे त्या वेळी कुणी बघत नाही. प्रत्यक्ष पांडुरंगच उभा आहे असं समजतात.

चौदा वर्षांपूर्वी शेवटच्या दिवशी, काल्याचं कीर्तन संपल्यावर, वीणा नथूच्या गळ्यात होती. वय वीस. सगळी माणसं देवळामागं पंगतीला बसलेली, मंडप मोकळा. त्या वर्षी गावात पहिल्यांदाच बुंदी केली होती. तुपाचा वास मंडपात येत होता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “बुंदी संपत आली!” नथूनं इकडंतिकडं पाहिलं, घोंगडीची घडी करून तिच्यावर वीणा ठेवली आणि गेला. दोन घास खाऊन यायचं, एवढंच.

कोंडाजीच्या चुलतभावाचं तान्हं मूल सप्ताहाच्या आदल्या दिवशी गेलेलं. त्याला सुतक होतं, म्हणून तो सातही दिवस मंडपाबाहेर उंबराखाली बसून कीर्तन ऐकत होता. त्यानं वीणा खाली टेकलेली पाहिली आणि त्याला राहवलं नाही. नथू परत आला तेव्हा कोंडाजी वीणा गळ्यात घालून उभा, डोळे मिटलेले, आणि भोवती माणसं चवताळलेली. सुतकी माणसानं वीणा घेतली! सप्ताह बाटला!

“नथ्या कुटं हाय?” हैबतराव गरजले.

कोंडाजीनं गर्दीमागं उभ्या नथूकडं पाहिलं. नथूची बोटं पाकानं चिकट झाली होती, ती त्यानं धोतरात लपवली.

“त्याला भोवळ आली, पाण्याला गेलाय,” कोंडाजी म्हणाला. “मीच मागून घेटली.”

नथू बोलला नाही. त्या दिवशी नाही, आठ दिवसांनी गावाची बोलणी सोसवेनात म्हणून कोंडाजी बायकोला घेऊन गावाबाहेर पडला तेव्हाही नाही.

नथू देवळातून घरी आला तर रत्नाबाई पिशवी भरायला बसली होती. दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडी, भाकरी, लसणाची चटणी. वर हैबतरावांनी धाडलेला नारळ.

“थोडी बुंदी करून देऊ का भावजींना?” ती म्हणाली. “तुमी शिवत न्हाई म्हून ह्या घरात कदी झाली न्हाई. त्यांच्या लेकरांनी तरी खावी.”

नथू उंबऱ्यावरच बसला. बायकोकडं न बघता त्यानं सगळं सांगितलं. चौदा वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघायला चार वाक्यंही लागली नाहीत.

रत्नाबाईचे हात थांबले. ती म्हणाली, “मीबी पडले की वो तुमच्या पाया. दर साली.” आणि तिनं पिशवीतून नारळ काढून त्याच्यापुढं ठेवला. “तितं गेल्यावर त्यो बिचारा वाकंल. तुमी पाय म्होरं करनार?”

संध्याकाळी हरिपाठाला टाळ घेऊन माणसं उभी राहिली. गेणबानं खुंटीवरची वीणा काढून नथूपुढं धरली. नथूनं हात पुढं केला नाही. नारळ हैबतरावांच्या पायांशी ठेवला.

“हे काय?”

“बाबा, कोंडाजीनं वीणा मागून घेटली न्हवती. मीच खाली ठिवली हुती. बुंदी खायला गेलतो.”

गेणबानं पुढं धरलेली वीणा छातीशी ओढून घेतली.

“बुंदी?” हैबतराव हळूच म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, तेच नथूला सोसेना. “आरं, त्या पोराला मी ह्याच तोंडानं काय काय बोललो. त्याच्या मेलेल्या लेकरावरनं... भावाचं का हुईना, लेकरूच त्ये.” त्यांनी डोळे पुसले. मग नारळ उचलून नथूच्या हातात परत दिला. “उद्या जायाचं. एकल्यानं. हा त्याच्या पायाशी ठिव. दार उगडलं तर गावाला परत चल म्हन, मीबी माफी मागितलीया म्हून सांग. न्हाई उगडलं तर बस त्या ओट्यावर.”

“आन वीणा?” गेणबानं विचारलं.

“घाल गळ्यात. कोंडाजी येईस्तवर तुझी.”

गेणबानं वीणा गळ्यात घातली. नथू सवयीनं नव्हे, अगदी जाणून वाकला, त्याच्या पाया पडला आणि बाहेर जाऊन उंबराखाली बसला.

आत हरिपाठ सुरू झाला. इथून सगळं ऐकू येत होतं. दिसतही होतं, वीणा, ती धरणारे हात, पायांखालची फरशीसुद्धा. नथूनं नारळ मांडीवर घेतला आणि आतल्या आवाजात आपला आवाज न मिसळता तो ऐकत राहिला.