डाळीच्या डब्यातली गोळी

हर्षाची बॅग भरताना वच्छलाबाईंनी रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पाकिटं तूरडाळीच्या डब्यात, अगदी तळाशी दडवली. लहानपणच्या तापाने पोरीच्या हृदयाची झडप खराब झाली होती. पण आपल्याकडे बाजारात बैल पाहावा तशी मुलगी पाहतात. दुखणाईत पोर कोण पत्करतो? म्हणून सोयरीक जुळवताना घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

"कोनी नसन तवा घेत जाय. सासूले दिसू देऊ नोको," असं बजावून त्यांनी लेक वरठीला सासरी पाठवली.

चार महिन्यांनी हर्षाच्या छातीत धडधड सुरू झाली. वच्छलाबाई नेमक्या भेटीला आल्या होत्या. सासू शकुबाईंसोबत त्याही भंडाऱ्याला दवाखान्यात गेल्या. ठोके बिघडल्याचं सांगून डॉक्टरांनी विचारलं, "आधीची एखादी गोळी चालू आहे का?"

हर्षाने आईकडे पाहिलं. शेजारी शकुबाई बसल्या होत्या.

"नाही जी, काहीच नाही," वच्छलाबाईंनीच उत्तर दिलं.

ठोके ताळ्यावर आणायची नवी गोळी सुरू झाली. जुनी लपूनछपून चालूच होती.

पंधरवड्यात लेकीचा फोन आला. "आई, हिरड्यातून रक्त येऊन राहिलं. अंगावर काळेनिळे डाग पडले."

"गरमी झाली असन. सब्जा पी."

"डॉक्टरले सांगू का, त्या गोळीचं?"

"येडी झाली का? घर मोडशीन!"

तिसऱ्या दिवशी हर्षा स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शकुबाईंनी डाळीच्या डब्यात सापडलेली पाकिटं डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, "नव्या गोळीने जुनीचा जोर कितीतरी वाढतो. माहीत असतं तर जुनी कमी केली असती, वरचेवर रक्त तपासलं असतं." तोवर पोर गेली होती.

वर्षभराने धाकट्या प्रतीक्षाला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईने, चंद्रकांताबाईंनी विचारलं, "मोठी कशानं गेली जी?"

"तापानं," वच्छलाबाईंचे यजमान मंगरू घाईघाईने म्हणाले.

वच्छलाबाईंनी हातातली पोह्यांची ताटली खाली ठेवली. "खोटं हाय. बिमारी मीच लपवाले लावली. डॉक्टरले मीच नाही म्हनलं. माह्या पोरीले मीच मारलं."

पाहुणे उठले. मंगरू डोकं धरून बसले. चंद्रकांताबाई मात्र उंबऱ्याशी थबकल्या. सगळे पुढे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "माह्या पोरीले फिट येते. पुढच्या महिन्यात लगन हाय. तिकडे कोनाले मालूम नाही."

वच्छलाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "आजच सांगा, बाई."

"लगन मोडलं तं?"

"मोडू द्या. पोर तं राहीन."