एक बोट ढिलं

“आई, सहा आणि दोन आठ होतात. इथे सात हवेत.”

“असू दे की. एक बोट ढिलं ठेवलंय,” टेलरकाकू म्हणाल्या. “गिऱ्हाईक आज ना उद्या अंगाने भरतंच.”

सुनेने कपाळाला हात लावला. “अहो, क्ष म्हणजे काय गिऱ्हाईक आहे का तुमचं?”

दुपारची वेळ. शिवणयंत्रावर झाकण टाकून त्याचं टेबल केलेलं. वडील गेले तेव्हा काकूंची शाळा सुटली आणि हातात कात्री आली, ती आजतागायत. आता मशीन मारून मारून गुडघे बोलू लागले होते. मुलींच्या शिवणवर्गाचे चालक त्यांना शिकवायला घ्यायला तयार होते. पण दहावी पास हवी. गेल्या खेपेला सगळे विषय सुटले, गणित तेवढं अडकलं. उद्या पुन्हा पेपर.

“नाही गं जमायचं,” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “या वयात हसं करून घेतेय.”

“हसू दे हसणाऱ्यांना. हे बघा, क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा. याचे दोन अवयव. आकडे असे हवेत, की गुणले तर बारा, मिळवले तर सात. दोन्हीकडून चोख. ढिलं चालत नाही.”

काकू कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे शिवलेला झगा उसवायचा आणि तुकडे शोधायचे. असं सरळ सांग ना!”

“नाही तर काय! तसंच.”

“आणि तुकडे चुकले तर?”

“परत जोडून बघायचे. गुणाकार करायचा. मूळचाच झगा झाला पाहिजे.”

“तीन आणि चार,” काकू म्हणाल्या. सुनेने काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच गुणाकार करून पाहिला. झगा तोच झाला.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात पर्यवेक्षकबाई म्हणाल्या, “पालकांनी बाहेर थांबावं.”

“पालकच आहे हो. पण आज मलाच बसायचंय,” काकूंनी प्रवेशपत्र पुढे केलं. बाकांवरची पोरं खुदखुदली. काकूही हसल्या.

पेपरात क्ष वर्ग अधिक नऊ क्ष अधिक वीस होतं. दहा आणि दोन? छे, अंगावर लोंबेल. पाच आणि चार. त्यांनी कंस लिहिले आणि कच्च्या कागदावर परत जोडून पाहिले. कुठे चुणी नाही, ताण नाही.

उत्तराखाली त्यांनी रेघ ओढली. मग सवयीने कागद तोंडाजवळ नेला, दोरा दाताने तोडायला. मधेच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कागद बाकावर हाताने सारखा केला आणि पुढचं गणित घेतलं.