टॅबमधले साहेब

माझ्या नवऱ्याचा आवाज गेला आणि त्याच्या जागी घरात साहेब आले. साहेब म्हणजे टॅबमधला माणूस. ह्यांनी काचेवर बोटानं लिहायचं, खालचं बटण दाबायचं आणि साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, अशी व्यवस्था. आवाज तरुण, शुद्ध, जन्मात कधी सर्दी न झालेला. "अगं, चहा गार झाला," हे वाक्य साहेब असं म्हणायचे, की वाटावं पुढची सूचना येईपर्यंत सगळ्यांचेच चहा गार राहणार आहेत.

मला साहेब पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. मी आंधळी आहे. जन्मापासून नाही, लेक शाळेत जायला लागली त्या सुमारास नजर गेली. तेव्हापासून नवरा म्हणजे माझ्यासाठी एक आवाज होता. त्यांचं सलून होतं, आणि लोक केस कापायला कमी आणि गप्पा ऐकायला जास्त यायचे. कात्री आणि जीभ एकदम चालायची, दोन्हीला सारखीच धार. घरी आल्यावर कात्री ठेवून द्यायचे, तोंडाचा पट्टा चालूच. मीही काही कमी नव्हते. आम्ही भांडायला लागलो की शेजारचे रेडिओ बंद करायचे.

आधी त्यांची जीभ जड झाली. गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारपणी प्यायला लागले. मग बोलणं पार गेलं, हॉस्पिटलातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी हा टॅब दिला, आणि पुढच्या तपासण्यांनंतर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. एकेक स्नायू निकामी करत जाणारा आजार आहे. जिभेनंतर हात, पाय, मग श्वास. औषध नाही. डोकं मात्र शाबूत राहील. "आणि डोळे," ते धीर दिल्यासारखं म्हणाले. "डोळे सहसा शेवटपर्यंत साथ देतात. घरची माणसं त्यावरून सगळं ओळखायला शिकतात." बहुतेक तेव्हाच त्यांचं माझ्या काठीकडे लक्ष गेलं, कारण ते एकदम कागद चाळायला लागले.

ह्यांनी टॅब मांडीवर ओढला. थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "डोळे ठेवलेत मला आणि बायको दिली ही. कारभार बघा."

डॉक्टर हसले नाहीत. मी हसले. कोणीतरी हसायला हवं होतं.

साहेबांशी भांडता येत नसे, हे माझं मुख्य दुखणं. मी काही बोलले की ह्यांचं उत्तर लिहून होईपर्यंत मी स्वयंपाकघरात पोचलेली असे, रागही निम्मा उतरलेला असे, आणि मागून साहेब अगदी संथपणे म्हणत, "तुझ्या बहिणीचा विषय मी काढलेला नाही." कुठली बहीण, कुठला विषय, माझं डोकं तोवर आमटीत. मग ह्यांनी आवाज पूर्ण वाढवायची युक्ती काढली. साहेब स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायला लागले, पण ओरडणं आणि मोठ्यानं बोलणं यातला फरक त्या यंत्राला कळत नव्हता. एकदा मी चिडून विचारलं, "अहो, तुम्ही रागावलाय की नाही, एवढं तरी कळू दे." बराच वेळ टकटक चालली. "खूप रागावलोय," साहेब प्रसन्नपणे म्हणाले.

मग बोटं गेली. एकदम नाही. आधी शब्दांत चुका व्हायला लागल्या आणि साहेब भलतंसलतं बोलायला लागले. वाचा-उपचारवाल्या बाई घरी आल्या. त्या म्हणाल्या, "बोटं चालतायत तोवर लागणारी वाक्यं भरून ठेवू. एका चौकोनावर एक वाक्य. नुसता स्पर्श केला की टॅब बोलेल." डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्रही असतं, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी त्यांनी आमचं नाव लावून ठेवलं होतं. ते काही आलं नाही.

माणसाला उरलेल्या आयुष्यात कुठली वाक्यं लागतील, यावरून आम्ही आठवडाभर हातघाईवर होतो. मी सांगत होते, पाणी घाला. कूस बदल घाला. खाज सुटलीय, उशी उंच कर, पंखा बंद कर, हे घाला. ह्यांनी काय भरावं? "मान सरळ ठेवा, नाहीतर कान जाईल." "मागून बारीक की मध्यम?" "राजेहो, डोक्यावर आहेत तेवढेच कापू शकतो." सलूनमधली सगळी बडबड. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, रात्री घसा कोरडा पडला तर काय मला मध्यम की बारीक विचारणार आहात?"

टकटक फार हळू झाली होती. मी वाट पाहिली.

"पाणी तू न मागताच देतेस," साहेब म्हणाले.

मी भांडी घासायला निघून गेले. भांडी सगळी घासून झालेली होती, ती परत घासली, आणि नळ मोठा सोडून रडून घेतलं.

बोटं आणखी ढिली झाली तसे चौकोन मोठे करावे लागले, आणि मोठे केले की काचेवर कमी मावायचे. दर वेळी एखाद्या वाक्यावर पाणी सोडायचं. आधी सलून गेलं. मग पंखा, उशी, खाज. शेवटी दोनच चौकोन उरले, वर "हो" आणि खाली "नको". मी त्यांच्या कोपराखाली हात धरायची आणि विचारायची. काही दिवस हे बरं चाललं. मग बोट दाबलंय की नुसतं पडलंय, हे मला कळेना. दुखतंय का, विचारलं की साहेब म्हणायचे हो. बरं वाटतंय का, विचारलं तरी हो. हात काचेवर तसाच राहिला की हो, हो, हो, हो. सरकारी हमीपत्र दिल्यासारखं. एका दुपारी मी तो टॅब उचलला, बाजूची कळ दाबून बंद केला आणि कपाटात टाकला. त्यानंतर घरात माझा एकटीचाच आवाज उरला. मी दिवसभर बोलायची आणि पलीकडून श्वास यायचा. तो माणूस समोर आहे, सगळं ऐकतोय, त्याचं डोकं नेहमीसारखं तिरकस चालतंय, आणि मला त्यातलं काडीचंही मिळत नाही. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

श्वास खालावला तेव्हा त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. लेक परगावी असते, ती रजा काढून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले आणि पलंगापाशी खुर्ची ओढून थेट ह्यांच्याशी बोलले, ते मला आवडलं. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची आणि श्वास मशीनवर द्यायचा, हा एक रस्ता. त्यानं पुष्कळ दिवस निघतील, बाकी शरीर आहे तसंच, उलट आणखी उतरत जाणार. नळी नको असेल तर औषधांनी घुसमट जाणवू देणार नाही, पण मग थोडेच दिवस. "निर्णय तुमचा," डॉक्टर म्हणाले. "नळी हवी असेल तर वर बघा. नको असेल तर डोळे घट्ट मिटा. सावकाश."

ते तिघं एकमेकांना बघत होते आणि मी तिथं स्टुलावर, पाहुणी असल्यासारखी. मला नळी हवी होती. मशीन, भोक, काय असेल ते. नुसता श्वास ऐकू आला तरी मला पुरणार होता. देवाशपथ पुरणार होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

लेकीनं घसा साफ केला. "बाबा हो म्हणाले, आई."

मी सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर केली आहे. जागेवर असलेली माणसं जागेवर नाहीत, हे मी हजारदा सांगितलंय. ते सांगताना आवाज किंचित गोड करावा लागतो. लेकीचा आवाज तसाच गोड झाला होता. आणि डॉक्टर मूग गिळून बसले होते.

मी ते हो घेऊ शकले असते. पोरीनं माझ्यासाठीच तर आणलं होतं.

आंधळी माणसं दुसऱ्याचा चेहरा चाचपतात ना, सिनेमात, त्याची मला भयंकर चीड आहे. इतक्या वर्षांत मी कुणाच्या तोंडाला हात लावलेला नाही. नवऱ्याच्यासुद्धा नाही. ह्यांचं तोंड पुसलं, पण तेसुद्धा टॉवेलानं, कामापुरतं. म्हणूनच हे इतके महिने मला सुचलं नसावं. मी उठले, पलंगाच्या कडेनं पुढे गेले आणि दोन बोटं ह्यांच्या पापण्यांवर ठेवली.

पापण्या उघड्या होत्या. माझ्या बोटांखाली त्या फडफडल्या. नाकाच्या मुळाशी ओल होती.

"अहो," मी म्हटलं, "मी आहे. मला कळतंय का बघू या. मी आंधळी आहे का?"

बुबुळं वर गेली. बोटांखाली गोळा सरकावा तशी स्पष्ट. थांबून परत खाली आली.

"तुम्ही जगातले सगळ्यात शहाणे आहात का?"

परत वर. लेक हुंदका आवरत हसली. मीही हसले. कपाटातल्या त्या साहेबांसाठी आम्ही केवढे दिवस वाया घालवले, आणि हे इथं होतं, वितभर अंतरावर. मी भराभर विचारत सुटले. घसा दुखतोय का. उशी खुपतेय का. माझा राग आला का. हो आणि नको, नको आणि हो, बोटाबोटाला उत्तर. आम्ही बोलत होतो. डॉक्टरांनी मला थांबवलं नाही. सगळं विचारून झाल्यावर तेवढंच एक उरलं.

"नळी बसवू द्यायची ना?"

पापण्या मिटल्या. घट्ट, सुरकुत्या पडेपर्यंत.

"नीट ऐका. नळी लावली तर असं बोलता येईल आपल्याला. रोज. लावू द्यायची?"

त्या उघडल्या, आणि पुन्हा मिटल्या. मी बोटं काढली नाहीत, आणि त्यांनीही पापण्या उघडल्या नाहीत. ते मला ठाऊक असलेलं त्यांचं वागणंच होतं. एकदा नको म्हटलं की नको.

"आई," लेक म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना. डॉक्टर वाट पाहत होते. हे तोंडानं म्हणणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं.

"ते नको म्हणतायत," मी म्हटलं.