बबनरावांच्या प्लॉटखालची तार

मी एक तार आहे. विजेची नव्हे, काचेची. चाकणजवळ, निघोज्याच्या पुढं, ओढ्यापलीकडच्या एका गावात जमिनीच्या पोटात पडून असते आणि तिथूनच तुमच्याशी बोलतेय. माझ्या अंगातून उजेड धावतो. त्या उजेडावर बसून गावाचे अर्ज कचेरीत जातात आणि दाखले होऊन परत येतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काच वितळवून केसापेक्षाही बारीक ओढली, तिला रंगीत कपडे चढवले, वर काळं जाड पांघरूण घातलं. मोठमोठ्या रिळांवर गुंडाळलेल्या आम्ही बहिणी आवारात वाट बघत होतो. कुणी आफ्रिकेला गेली, कुणी आखातात. "सगळ्याच देशांतली सरकारं आता तारेवरून लोकांच्या दारात निघालीत," असं माल चढवणारे म्हणायचे. मला मात्र चाकणच्या ट्रकवर टाकलं. खरं सांगते, मी हिरमुसले. मला समुद्र बघायचा होता.

गावात चर खणून मला पुरलं. माझं टोक ग्रामपंचायतीच्या भिंतीतून आत घेतलं. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले आणि मंडळी निघून गेली. त्यानंतर माझ्या टोकाचं वेटोळं खिळ्यावर लटकत राहिलं. शिपाई त्याच्यावर छत्री अडकवायचा. संगणकावर कुंकवाचं बोट तेवढं लागलं होतं. मी आले काय, न आले काय, कुणाचंच काही अडत नव्हतं.

कारण गावाचं काम बबनराव करायचे. बबनराव माजी सरपंच. जमीन कारखान्यांसाठी गेली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. लातूर-हिंगोलीकडून आलेली कामगार मंडळी तिथं राहायची. सकाळी बबनरावांच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. "राव, तेवढं रेशनकार्डाचं बघा." मग बबनराव तालुक्याला फोन लावायचे. कधी काम व्हायचं, कधी माणसाला स्वतःच चार खेपा घालाव्या लागायच्या, आणि प्रत्येक खेपेला कंपनीत खाडा पडायचा. बबनरावांनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. पण ओट्यावर ताटकळणारी ती माणसं त्यांना हवीहवीशी वाटायची. त्यांच्यामुळं तर ते अजून सरपंच असल्यासारखे होते.

मग स्वप्नाली आली. सांगवीची मुलगी, लग्न होऊन या गावात आलेली. ग्रामपंचायतीतलं सेवा केंद्र चालवायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा ती पुढं झाली. तिनं छत्री काढली, जळमटं झाडली आणि माझं टोक यंत्राला जोडलं. माझ्या अंगातून पहिला उजेड गेला. त्या क्षणाला काय वाटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तरी माणूस फिरकेना. स्वप्नालीनं मग केंद्राची वेळच बदलली. पहिली शिफ्ट सुटली की ती दार उघडून बसायची. खोल्याखोल्यांतून स्वतः सांगून आली. सगळ्यांत आधी आली ती सोजराबाई, गावातली सर्वांत थकलेली म्हातारी. पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा होता. स्वप्नालीनं तिला खुर्चीवर बसवलं, चेहरा टिपला, थोड्या वेळात कागद हातात ठेवला.

"म्हंजी मी जित्ती हाय, हे मशिनीला कळलं व्हय?"

"कळलं, आजी."

"आन् कचेरीतल्या त्या भाड्याला समोर बसूनबी कळत नव्हतं!"

हा किस्सा सोजराबाईनं गावभर केला. माझ्या फोटोंनी आणि पेढ्यांनी जे झालं नव्हतं, ते तिच्या तोंडानं झालं. केंद्र भरायला लागलं. बबनरावांचा ओटा रिकामा पडू लागला. ते जाता-येता केंद्राकडं बघायचे आणि मान वळवायचे.

उद्धवराव बबनरावांच्याच खोल्यांमधले भाडेकरू, लातूरकडचे. प्रेस मशीनवर काम करताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. कंपनी म्हणे, त्या दिवशी हा माणूस कामावर नव्हताच. भरपाईचा दावा लागला. पाहणारा एकच, शेजारच्या मशीनवरचा दिग्विजय. आणि तो काम सुटल्यावर नांदेडकडं आपल्या गावी गेलेला. आई अंथरुणाला खिळलेली, त्याला पुण्याला येणं जमेना. तारखेमागून तारखा वाया गेल्या. बबनरावांनी कंपनीत शब्द टाकून पाहिला. फाटकावरूनच परत आले.

स्वप्नालीनं चौकशी केली. साक्ष व्हिडिओवरूनही देता येते, असं तिला कळलं. तिनं रीतसर अर्ज लावला. दिग्विजय त्याच्या गावच्या केंद्रात बसेल, उद्धवराव इथं, अधिकारी पुण्यात. दोन्ही केंद्रांची नावं मंजूर झाली, तारीख ठरली.

आणि आदल्याच दिवशी दुपारी बबनरावांच्या प्लॉटवर नव्या खोल्यांचा पाया खोदायला मशीन लागलं. मला मातीतून थरथर जाणवली. पुढच्या क्षणी लोखंडी दात माझ्या अंगात शिरले. माझे दोन तुकडे झाले.

केंद्र बंद पडलं. स्वप्नालीनं तक्रार नोंदवली. उत्तर आलं, आठ-दहा दिवस लागतील. ओढ्याकाठच्या खोलगट गावात मोबाईलवर व्हिडिओ चालेल एवढी रेंज नाही, आणि दुसऱ्या केंद्राला मंजुरी नाही.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. पहिली शिफ्ट सुटली तसे लोक डबे हातात घेऊनच प्लॉटवर आले. मी खड्ड्यात उघडी पडून वर बघत होते. एवढी माणसं माझ्याभोवती उद्‌घाटनालासुद्धा नव्हती.

"मुद्दाम केलंय," कुणीतरी म्हणालं.

बबनराव चमकले. "कोण म्हंतं ते? पुढं येऊन बोल! हितं खुणेचा दगड न्हाई, पाटी न्हाई. मला काय सपान पडलं हितनं तार गेलीय म्हून?"

उद्धवराव पुढं आले. ते चिडले नव्हते, हाच घाव बबनरावांना जास्त लागला असावा.

"राव, तुमच्यावर माझा आळ नाही," ते म्हणाले. "पर उद्या दिग्विजय तिकडं बसल, आन् मी इकडं नसन. मग मी कामावर नव्हतो, हेच खरं होईल बघा."

बबनराव खड्ड्याच्या काठाशी आले. मग त्यांनी मशीन बंद करायला लावलं. "कुदळी आना. हातानं मोकळी करा तिला, वाईच जपून." आणि स्वप्नालीकडं वळून, पहिल्यांदाच तिच्याशी बोलत म्हणाले, "सूनबाई, ही तार जोडनारा मानूस कुठं ऱ्हातो, तेवढं सांग. आनतो मी."

सकाळी उजाडायला बबनरावांच्याच मोटरसायकलवर मागं बसून नागसेन आला, पेटी मांडीवर धरून. केबल जोडणारा कसबी माणूस. माझी टोकं त्यानं पुसली, काचेचा एकेक केस जुळवून जोडू लागला. स्वप्नाली बाजूला छत्री धरून उभी होती.

"ताई, मी आफ्रिकेत होतो, आखातात होतो," तो काम करता करता म्हणाला. "तार सगळीकडं सारखीच. कुठं लोक रांग लावतात, कुठं तारेच्या टोकाला कोळी जाळं विणतो. जिथं माणसाला एक खाडासुद्धा परवडत नाही, तिथं गरज असते. पण नुसत्या गरजेनं भागत नाही. समजावून सांगणारं कुणी बसलेलं लागतं, आणि तारेवरून आलेला अर्ज कचेरीला बाजूला टाकता येणार नाही, असा नियम लागतो. यातलं एक नसलं, की मी जोडून आलेली तार पडून राहते."

"आणि तुटली तर अशी गर्दी होते का सगळीकडं?" स्वप्नालीनं विचारलं.

नागसेन हसला. "जिथं होते, तिथलं काम मी आधी घेतो."

उजेड पुन्हा वाहू लागला. सुनावणी सुरू झाली. पडद्यावर दिग्विजय दिसला, तसे उद्धवराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"जेवलास का रे?"

अधिकारी बाई हसून म्हणाल्या, "उत्तर द्या त्यांना. मग आपण सुरू करू."

"जेवलो, भाऊ," दिग्विजय म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता, सुपरवायझरला कळवलं होतं, हात अडकला तेव्हा बटण त्यानंच दाबलं. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, इतक्या दिवसांनी खात्रीनं कसं सांगता?

"साहेब, दवाखान्यापस्तोर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कसं विसरावं म्हणता?"

हे शब्द माझ्या अंगातून गेले. नांदेडहून निघाले, कितीतरी अनोळखी बहिणींच्या अंगातून वाट काढत या गावात पोचले. समुद्र बघायचा राहिला, याचं दुःख मला त्या दिवसापासून नाही.

निकाल लगेच लागला नाही. पावसाळा सरला, तेव्हा उद्धवरावांच्या बाजूनं लागला. गेलेली बोटं काही आली नाहीत. पण "तो कामावर नव्हताच" हे वाक्य कागदावरून पुसलं गेलं. त्या संध्याकाळी त्यांनी गावी बायकोला फोन लावला आणि नुसतं, "मी होतो म्हणे गं," एवढंच बोलले.

आता माझ्यावर बबनरावांच्या नव्या खोल्यांचं अंगण आहे. पाया त्यांनी हातभर मागं सरकवला. अंगणात मुलं उड्या मारतात, त्यांची पावलं मला वरून कळतात. माझं एक मागणं आहे. तार पुरली म्हणजे काम झालं, असं समजू नका. टोकाशी एखादी स्वप्नाली बसवा, मग आमच्याकडून काय हवं ते वाहून घ्या.

परवाच वाशीमकडून एक नवं बिऱ्हाड आलं. सामान उतरवायच्या आत तो माणूस हात जोडून म्हणाला, "राव, पोरांच्या शाळेच्या दाखल्याचं तुमच्या ओळखीनं काही होईल का?"

जुनं सुख बबनरावांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं असेल. मला इथून दिसत नाही. मग त्यांचा आवाज आला.

"वळख कशाला पायजे? चल, केंद्र दावतो."

आणि दोघांची पावलं माझ्यावरून ग्रामपंचायतीकडं निघाली.