खसखशीचा खुलासा

नेब्रास्कातल्या आमच्या गावाच्या ग्रंथालय मंडळाने जुन्या साप्ताहिकाचे सारे बांधीव खंड रद्दीत काढायचे ठरवले आणि त्याला 'आधुनिकीकरण' म्हटले. नामकरणाच्या बाबतीत अज्ञान कधी कंजुषी करत नाही.

सगळे संगणकावर उतरवले आहे, असा मंडळाचा दावा होता. उतरवले होते, पण 'शेजारपाजार' हे सदर वगळून. रविवारी कोण कोणाकडे जेवले, कोणाची गाय व्याली, कोणाच्या खिडकीला नवे पडदे लागले, हे कंत्राटदाराच्या मते बातमीत मोडत नव्हते. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. देश याच बातम्यांवर उभा असतो असे माझे मत आहे, आणि मंडळाने ते कधी विचारले नव्हते.

ठरावावर मतदान अजून व्हायचे होते, सभेच्या दिवशी दुपारी. निकालाची खात्री इतकी, की खंड बाहेरच्या ट्रकमध्ये आधीच चढले होते. त्यांतला १९५१चा खंड उतरवून मी तो काखेत मारला आणि सभेत शिरले. आमच्याकडे नागरिकाला बोलायला तीन मिनिटे देतात. मग घंटा वाजते.

"या, प्राध्यापकबाई," अध्यक्ष ड्वेन पेत्राचेक म्हणाला. तो ट्रॅक्टर विकतो. "आज कोणाला नापास करताय?"

मी डिसेंबरचे शेवटचे पान उघडून वाचले : "नाताळला हास्केल कुटुंब श्रीमती ओल्गा पेत्राचेक यांच्याकडे जेवले. कोलाचे या गोड पावांत खसखशीचे सारण बेताचेच होते. श्रीमती हास्केल यांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, असे त्यांनी स्वतः आम्हांस कळवले."

"बघ!" सदस्य मार्लिस हास्केल टेबलावर हात आपटून ओरडली. "आई हेच सांगायची आणि तुम्ही सगळे तिला खोटं पाडायचात!"

"माझ्या आईच्या कोलाच्यांत खसखस कमी?" ड्वेन लालबुंद झाला. "तिनं खुलासा छापला असणार. गप्प बसणारी बाई नव्हती ती." त्याने संगणकावर शोधले. सदरच नव्हते. "हे गाळलं कोणी?"

"ठराव तुमचाच आहे," मी म्हणाले.

घंटा वाजली.

"ती बंद करा हो!" मार्लिस म्हणाली. "१९५२ कुठंय?"

"ट्रकमध्ये."

अध्यक्ष उठला आणि थेट ट्रकवर चढला. सारे मंडळ मागोमाग. वर खंडांची उलथापालथ चालली असताना खालून मार्लिस म्हणाली, "अरे ड्वेन, तू बसलायस त्यावर."

तो खाली सरकला, खंड उघडला आणि विजयी आवाजात वाचू लागला : "श्रीमती पेत्राचेक कळवतात की सारण भरपूर होते. श्रीमती हास्केल यांनी ते आधी चमच्याने खाल्ले."

मार्लिस इतकी हसली की तिला ट्रकचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "आईनं उत्तर दिलंच असेल. पुढचा आठवडा काढ."

"इथं उन्हात? आत घेऊन चला सगळे," ड्वेन म्हणाला आणि पहिला गठ्ठा त्यानेच उचलला.

ठराव मताला आलाच नाही. विद्वत्तेची गरज कोणालाच भासली नव्हती. मी दार उघडे धरून उभी राहिले.