काळ्या पडद्यावरचं नाव

कॉम्प्युटर या वस्तूचा गफूरमियांना जितका राग होता, तितका उभ्या लातुरात कुणाला नसेल. आणि नेमकी त्यांच्याच पोटी कॉम्प्युटरचं वेड घेऊन पोरगी आली. आता याला काय म्हणावं!

रागाला कारण होतं. लातुरात ट्यूशनचं पेव फुटलं, तेव्हा ‘गफूर आर्टिस्ट’ ही सही गल्लोगल्ली भिंतींच्या कोपऱ्यात होती. फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीचे सर, बायोलॉजीच्या मॅडम, सगळे त्यांच्या दारात. मुखेड-कंधार-जळकोटचे बाप पोरांना घेऊन स्टँडवर उतरले, की त्यांना आधी दिसायची ती गफूरमियांची अक्षरं. पिवळ्या जमिनीवर लाल, अन् खाली काळी सावली. मग शहरात फ्लेक्स आला. एका दिवसात बोर्ड तयार, वर सरांचा फोटो, फोटोमागं ढग. ज्या भिंतीवर गफूरमियां चार दिवस शिडी लावून बसायचे, तिला लोक आता चार खिळे ठोकून मोकळे होऊ लागले. ब्रश डब्यातल्या डब्यात वाळून काटक्या झाले.

“त्या डब्यानं माझ्या हातातलं काम खाल्लं,” ते कहकशांला म्हणायचे, “आन् तू त्याच्याच घरी नांदायला निघाली?”

कहकशां त्यांची एकुलती एक. बारावी झाली होती आणि तिला नांदेडला जाऊन कॉम्प्युटरचं शिकायचं होतं. अब्बांचं म्हणणं, इथंच राहा, डी.एड. कर, मास्तरीण हो. घरात एरवी दखनी उर्दू चालायची. पण हा विषय निघाला की गफूरमियां मराठीवर यायचे. मराठी त्यांच्या ब्रशची भाषा होती, आणि भांडायलाही त्यांना तीच सोयीची पडायची.

शेवटी कहकशांची अम्मी, रजिया, वैतागली. “रोज ताटावर बसलं की हेच! एकदाचं काय ते ठरवा, न्हाईतर दोघं बी उपाशी झोपा.”

उपाशी झोपण्याची धमकी लागू पडली. गफूरमियांनी अट घातली. “तुझ्या मशीनला माणसाचं नाव मराठीत धड लिहिता येतंय का बघू. फ्लेक्सवाल्याची आयती अक्षरं चालायची न्हाईत. तू शिकून राहिलीस ना? मग तू स्वतः बनवलेल्या परोग्रामनं लिहायचं. माझ्या डोळ्याला ते नाव धड दिसलं तर जा नांदेडला. न्हाई दिसलं, तर डी.एड.”

“एवढंच?” कहकशां म्हणाली आणि हसली. हसायला नको होतं, पण हसली.

तिच्याकडं मन्मथ सरांच्या क्लासनं टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर होता. तिला येत होते ते प्रोग्राम काळ्या पडद्यावरच चालायचे. ना चित्र, ना बटण. नुसता अंधार, आणि त्यात पांढरी अक्षरं. तिनं दोन ओळी लिहिल्या, अब्बांना खुर्चीवर बसवलं आणि ऐटीत एंटर मारलं.

पडद्यावर ‘गफूर आर्टिस्ट’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. एकामागं एक, रांगेत.

“वा!” गफूरमियां म्हणाले. “नाव लिही म्हटलं, तर हे मलाच विचारून राहिलं. कोण? कोण? कोण? अरे बाबा, तुझ्या मालकिणीचा बाप!”

रजिया पदर तोंडाला लावून आत पळाली. कहकशांचे कान तापले. त्या काळ्या पडद्याकडं इंग्रजी अक्षरांचीच पेटी होती. पेटीत नसलेलं काही मागितलं की तो आपला प्रश्नचिन्ह टाकून मोकळा. दोन दिवस डोकं खाजवल्यावर तिला कळलं, की एक हुकूम दिला तर पेटी बदलता येते. तिनं हुकूम दिला आणि पुन्हा अब्बांना बोलावलं.

या खेपेला चौकोन आले. रिकामे, सारखे, एकाला एक लागून. पेटी बदलली होती, पण त्या अक्षरांचे साचेच त्या पडद्याला ठाऊक नव्हते.

अब्बा आता काय बोलतात म्हणून कहकशां डोळे मिटून बसली. पण ते त्या चौकोनांकडं वाकले आणि हळूच म्हणाले, “ह्या पत्र्याच्या शेडी इथं कुठून आल्या?” आणि उठून गेले. टोमणा मारायचा सोडून माणूस असा उठून गेला, हेच तिला जास्त लागलं.

मग तिनं मराठीचे साचे बसवले. आणि तिसऱ्या खेपेला, अल्ला की मेहेरबानी, पडद्यावर मराठी उमटली! पण कशी? प्रत्येक खुणेला आपली वेगळी खोली. ‘फ’ एकीकडं, त्याचा ऊकार शेजारच्या खोलीत एकटाच उकिडवा बसलेला. रफार ‘ट’च्या डोक्यावरून घसरून खाली आलेला. वेलांटी कुणाची ते वेलांटीलाच माहीत नाही. काळ्या पडद्याचा कायदाच तसा होता. प्रत्येकाला सारखी जागा, आणि शेजाऱ्याच्या जागेत पाऊल टाकायचं नाही. मराठी अक्षरं बिचारी एकमेकांच्या खांद्यावर, कडेवर बसून राहणारी. त्यांचं असं कसं निभावणार?

“न्हाई,” गफूरमियां म्हणाले.

“अब्बा, वाचता तर येतंय की!” कहकशांचा तोल सुटला. “कुणालाबी कळंल काय लिहिलंय ते. एवढं काय अडून बसलाव एका ऊकारासाठी?”

गफूरमियां आवाज चढवतील असं तिला वाटलं, पण उलट तो खाली गेला.

“भूकंप झाला तेव्हा तू अम्मीच्या मांडीवर होतीस. गावंच्या गावं पडली. लोकांना पत्र्याच्या शेडीत ठेवलं, सगळ्या शेडी एकसारख्या. माणसं पाणी आणायला जायची आन् येताना दुसऱ्याच्याच शेडीत शिरायची. मी रंगाचा डबा घेऊन गेलो, म्हटलं दारावर नावं तरी टाकू. विरूपाक्षप्पा म्हणून एक म्हातारा होता. घरातलं कुणीच राहिलं नव्हतं त्याचं. मी घाईत नाव लिहिलं, पत्र्याला पन्हळी होत्या, वेलांटी तुटली, ‘क्ष’ दोन पन्हळींत फाकला. पुढं निघालो, तर म्हाताऱ्यानं हात धरला. म्हणाला, बाबा, घर मोडलं माझं. नाव तरी मोडकं लिहू नको.”

दारात रजिया उभी होती. तिला ही गोष्ट ठाऊक होती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

“पुसलं आन् पुन्हा लिहिलं. रंग ओला, म्हणून लांबूनच बोट फिरवून त्याची एकेक रेघ तपासली म्हाताऱ्यानं, मग सोडलं मला. म्हणून सांगतो पोरी, वाचता येतं ते पुरत न्हाई.”

कहकशांला एकदम लाज वाटली. अब्बा फ्लेक्सचा सूड आपल्यावर उगवतायत, असंच ती इतके दिवस धरून चालली होती. डी.एड.चं नावही तिच्या मनातून क्षणभर निघून गेलं. ते नाव धड लिहायचं, एवढंच राहिलं.

घराच्या पुढच्या खोलीत गफूरमियांचं दुकान होतं, तिथं मागच्या भिंतीला त्यांची नमुन्याची पाटी टांगलेली होती. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी अक्षरं, त्यांच्या हातची, गिऱ्हाइकाला दाखवायला केलेली. मोठी भिंत रंगवायची असली, की गफूरमियां आधी खडूची दोरी मारून भिंतीवर चौकटी पाडायचे आणि पाटीवरचं अक्षर चौकटी-चौकटीनं मोठं करायचे. लहानपणी कहकशां दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहायची. तीच कहकशां आता त्या पाटीसमोर उभी राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

हा काळा पडदा तरी काय आहे? दोरी मारून ठेवलेली भिंतच की! मराठी त्याला येत नाही ना? मग मागायचीच नाही. त्याला चांदणीची खूण येते, ती तर इंग्रजी पेटीत पहिल्यापासून पडलेली आहे. तिनं पाटी खाली काढली, वर चौकटी आखलेला पारदर्शक कागद ठेवला, आणि एकेक अक्षर चौकटींत उतरवायला बसली. भरलेली चौकट म्हणजे चांदणी, रिकामी म्हणजे अंधार. मग प्रोग्रामला कायदे शिकवले. वेलांटी आली की ती अक्षराच्या आधी उभी कर आणि तिची कमान अक्षरावर टेकव. ऊकार आला की पायाला चिकटव. रफार डोक्यावर ठेव. आणि शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये फट नको. दिवसचे दिवस ती त्यातच होती. “कहकशां म्हणजे आकाशगंगा, आन् आमची कहकशां चांदण्या मोजून राहिली,” रजिया शेजारणीला सांगायची.

शेवटी एका सकाळी तिनं अब्बांसमोर खुर्ची ठेवली. या खेपेला ऐट नव्हती.

“माझं नाव नको,” गफूरमियां चष्मा लावत म्हणाले. “ते तू घोटून ठेवलं असशील. दुसरं सांगतो.”

“सांगा.”

“विरूपाक्ष.”

तिनं नाव दिलं आणि एंटर दाबलं. जुना कॉम्प्युटर घरघरला. पडद्याच्या माथ्यावर आधी वेलांटीची कमान उमटली. खाली शिरोरेघ आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सलग. मग ओळीमागून ओळ अक्षरं खाली उतरत गेली, ‘क्ष’ची गाठ बसली, आणि सगळ्यात शेवटी ‘रू’चं शेपूट वळलं. अख्ख्या पडद्यावर नाव उभं राहिलं.

गफूरमियां पुढं झुकले. काचेपासून बोटभर अंतर ठेवून त्यांनी शिरोरेघेवरून बोट फिरवलं, मग प्रत्येक अक्षराभोवती.

“‘प’चं पोट मोठं झालंय,” ते म्हणाले.

झालं! डी.एड. तिच्या डोळ्यांपुढं येऊन उभं राहिलं. तरी चाचरत ती म्हणाली, “अब्बा… ते तुमच्या पाटीवरूनच घेतलंय. जसंच्या तसं.”

“काय बोलतीस! माझ्या पाटीवरून?” ते ताडकन उठले, पाटीसमोर जाऊन उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला. परत आले ते चेहरा पाडून. “हाव. मोठंच हाय. इतकी वर्षं झाली, एक गिऱ्हाईक बोललं न्हाई मला!”

रजियाला हसू आवरेना. कहकशां मात्र अब्बांच्या तोंडाकडंच बघत होती. ते पुन्हा खुर्चीवर टेकले आणि पुन्हा त्या नावाकडं बघू लागले. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

“कुठंच मोडलं न्हाई,” ते म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, “रजिया, नांदेडची पहिली गाडी कधी असती, ते चौकशी करून ठेव.”

कहकशांला रडावं का नाचावं कळेना. काहीतरी करायचं म्हणून ती कॉम्प्युटर बंद करायला वाकली, तसे गफूरमियां खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, “अगं, अगं! हात लावू नको. सुकू दे आधी!”